इन्व्हर्टेजचे नियमन : मोजमाप आणि निष्कर्ष यांतील अंतर

१

शर्करासंचय करणाऱ्या पिकांच्या शरीरक्रियेवर लिहिलेला प्रबंध उघडला, तर त्याच्या उपसंहारात एक विधान बहुधा हमखास सापडते. अमुक वाणात इन्व्हर्टेजची क्रियाशीलता कमी आढळली, त्याच वाणात सुक्रोजचे प्रमाण अधिक आढळले; यास्तव इन्व्हर्टेज हे शर्करासंचयाचे नियंत्रक विकर होय. हे विधान आता इतके परिचित झाले आहे की, ते सिद्ध झाले आहे काय असे विचारणेही अनेकांस औचित्यभंगासारखे वाटेल. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारावयाचा आहे. इन्व्हर्टेजवरील वाङ्मय विपुल आहे व त्या सर्वाचा आढावा घेण्याचा येथे हेतू नाही. त्यांतील काही मोजकी कामे निवडून एवढेच दाखवावयाचे आहे की, विकराची क्रियाशीलता मोजणे ही एक गोष्ट आणि त्या विकराच्या हाती नियंत्रण आहे असे सिद्ध करणे ही दुसरी गोष्ट. पहिलीवरून दुसरी गृहीत धरण्याची जी सवय आपणांस जडली आहे, तिने या विषयाचे बरेच नुकसान केले आहे.

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. आपल्याकडे उसाचा दर साखर उताऱ्याशी बांधलेला असतो. उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तरी त्याची झळ कारखान्याबरोबर शेतकऱ्यालाही लागते. इन्व्हर्टेज हे सुक्रोज फोडणारे विकर, तेव्हा ते कमी केले की साखर वाढेल, हा विचार म्हणूनच मोहक ठरतो. परंतु ज्या विचारावर वाणनिर्मितीची वर्षानुवर्षांची मेहनत खर्ची पडावयाची, तो सरळ दिसतो एवढ्याने खरा मानता येत नाही.

२

प्रथम विकराची ओळख करून घेणे इष्ट आहे. १८६० साली बर्तेलो याने यीस्टपासून हे विकर वेगळे केले. सुक्रोजचे द्रावण ध्रुवीकृत प्रकाशाची पातळी उजवीकडे वळविते. सुक्रोज फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे समभाग मिश्रण झाले की ती डावीकडे वळते. या उलटण्यावरूनच विकरास त्याचे नाव मिळाले. १९१३ साली मिखाएलिस व मेंटेन यांनी विकरांच्या गतिशास्त्राचे जे सुप्रसिद्ध समीकरण मांडले, ते याच विकरावरील प्रयोगांतून. म्हणजे विकरशास्त्राच्या पहिल्या पाठातच इन्व्हर्टेज आहे. पुढील घोटाळ्याचे बीजही कदाचित येथेच असावे, कारण परीक्षानळीत इतके सरळ वागणारे विकर वनस्पतीतही तसेच सरळ वागेल अशी आपली नकळत समजूत होते.

वनस्पतीत मात्र इन्व्हर्टेज एक नाही. पेशीभित्तीला बांधलेले, रिक्तिकेत विरघळलेले आणि पेशीद्रव्यात असणारे अशी त्याची तीन ठिकाणे आहेत. पहिली दोन आम्लधर्मी माध्यमात उत्तम काम करतात व परस्परांची जवळची नातलग आहेत. पेशीद्रव्यातील विकर उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी माध्यमात काम करते. त्याचे कुळही निराळे आहे, आणि त्याची काही रूपे हरितकणू व तंतुकणिका यांतही आढळतात. यांखेरीज सुक्रोज फोडणारे आणखी एक विकर आहे, ते म्हणजे सुक्रोज सिंथेज. १९५५ मध्ये लेल्वार व त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाच्या अंकुरात ते दाखवून दिले. त्याची क्रिया उलटसुलट दोन्ही दिशांनी होऊ शकते. इन्व्हर्टेजची क्रिया मात्र एकमार्गी आहे. त्याने फोडलेले सुक्रोज पुन्हा जोडावयाचे तर वनस्पतीस ऊर्जा खर्चून दुसऱ्या वाटेने जावे लागते.

एकमार्गी क्रियेचे विकर म्हणजे नियंत्रणाचे विकर, असा एक ठोकळेबाज नियम पाठ्यपुस्तकांत असे. १९७३ मध्ये कॅक्सर व बर्न्स यांनी, आणि १९७४ मध्ये हाइनरिख व रापोपोर्ट यांनी, त्यास हादरा दिला. चयापचयाच्या मार्गावर एकच नियंत्रक विकर असते असे मानण्याचे कारण नाही. नियंत्रण अनेक विकरांत वाटलेले असते, आणि कोणाच्या वाट्याला किती आले हे मोजावे लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. विकर शेकडा एकाने कमी केले असता प्रवाह शेकडा कितीने कमी होतो, हे ते मोजमाप. या व्याख्येत विकर किती आहे याला स्थान नाही. ते बदलले असता काय होते याला आहे. पुढील विवेचनात हीच कसोटी वापरावयाची आहे.

३

उसावरील कामाचा प्रारंभ ब्रिस्बेन येथील संशोधकांपासून करणे न्याय्य होईल. १९६३ मध्ये हॅच, साशर व ग्लासिऊ यांनी उसाच्या शर्करासंचयचक्रावर एक लेखमाला प्रसिद्ध केली. याच हॅच यांनी पुढे १९६६ मध्ये स्लॅक यांच्यासमवेत चार कार्बनी संयुगांच्या वाटेने होणारे प्रकाशसंश्लेषण उलगडले. लेखमालेतील चित्र थोडक्यात असे : रसवाहिनीतून आलेले सुक्रोज पेशीबाहेरच्या अवकाशात इन्व्हर्टेजने फुटते, ग्लुकोज व फ्रुक्टोज आत घेतले जातात, पेशीद्रव्यात पुन्हा सुक्रोज बनते व ते रिक्तिकेत साठते. वाढत्या कोवळ्या कांड्यात आम्लधर्मी इन्व्हर्टेज भरपूर असते व साठा फोडून वाढीस पुरविते. पक्व कांड्यात ते लोपते व उदासीन इन्व्हर्टेज प्रधान होते.

या कामाचे मोल मोठे आहे. कांड्याच्या वयाप्रमाणे विकरांचा मेळ बदलतो हे त्यांनी दाखविले, आणि ते निरीक्षण आजही टिकून आहे. त्यांनी विकर, शर्करा व वाढ या तिन्हींचे मापन नियंत्रित हवामानात वाढविलेल्या रोपांत एकत्र केले, हेही त्या काळच्या मानाने विशेष होते. परंतु त्यांचे चक्र पुढील पिढीने ज्या विश्वासाने स्वीकारले, तितक्या विश्वासास ते पात्र नव्हते. पेशीत शिरण्यापूर्वी सुक्रोज फुटलेच पाहिजे, हा त्यातील कळीचा दुवा. १९८९ मध्ये लिंगल यांनी आणि १९९२ मध्ये थॉम व मारेत्स्की यांनी उसाच्या कांड्यात सुक्रोज अखंड स्वरूपातही आत घेतले जाते असा पुरावा दिला. दुवा सैल झाला, पण त्यावर टांगलेले अनुमान मात्र तसेच राहिले. पक्व कांड्यात आम्लधर्मी इन्व्हर्टेज कमी व साखर जास्त, यावरून पहिले दुसऱ्याचे कारण आहे असे आपण म्हणत राहिलो. कांडे पक्व होताना इतर शेकडो गोष्टी बदलत असतात. वाढ थांबते, भित्ती लाकडी होतात, श्वसन मंदावते. यांपैकी कोणत्याही गोष्टीशी साखरेचा सहसंबंध तितकाच चांगला जुळला असता.

४

सहसंबंधाच्या पलीकडे जाण्यासाठी विकराची मात्रा पायरीपायरीने बदलावी लागते. हा प्रयोग सर्वांत स्वच्छ रीतीने घडला तो मक्यात. मक्याचा एक उत्परिवर्ती १९४६ पासून ज्ञात होता; त्याचे दाणे खुरटे राहतात व वजनाचा फार मोठा भाग गमावतात. १९९२ मध्ये मिलर व चौरे यांनी या दाण्यांत इन्व्हर्टेजचा जवळजवळ अभाव असल्याचे दाखविले, आणि १९९६ मध्ये चेंग, तालियेर्सिओ व चौरे यांनी ते जनुक भ्रूणपोषातील पेशीभित्तीच्या इन्व्हर्टेजचे असल्याचे सिद्ध केले.

येथपर्यंतची कथा सर्व प्रबंधांच्या प्रस्तावनेत येते : विकर गेले, दाणा खुरटला, म्हणून विकर नियंत्रक. परंतु १९९६ च्या लेखातील याहून महत्त्वाची गोष्ट बहुधा गाळली जाते. भ्रूणपोष त्रिगुणित असतो, त्यामुळे त्यात एका जनुकाच्या शून्य ते तीन मात्रा सहज मिळविता येतात. त्या मात्रांप्रमाणे विकराची क्रियाशीलता जवळजवळ सरळ रेषेत बदलली. दाण्याची वाढ मात्र तशी बदलली नाही. एकूण क्रियाशीलतेपैकी सुमारे ९० टक्के भाग वाचूनही दाण्याचे काही अडले नाही. नेहमीच्या पातळीच्या सुमारे ६ टक्क्यांखाली विकर गेले, तेव्हाच ते वाढीस मर्यादा घालू लागले.

या दोन आकड्यांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. धरणाच्या दहा दरवाजांपैकी नऊ बंद केले तरी कालव्याचे पाणी कमी होत नसेल, तर पाण्याचे नियंत्रण दरवाजांकडे नसून कालव्याच्या रुंदीकडे आहे असेच कोणी म्हणेल. दहावाही दरवाजा बंद केल्यावर कालवा कोरडा पडतो, हे दरवाजांची आवश्यकता सिद्ध करते. रोजच्या पाणीवाटपावर त्यांचे नियंत्रण असल्याचे नव्हे. आवश्यकता व नियंत्रण या दोन कल्पनांत जो फरक आहे तो याहून स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही पिकात दिसलेला नाही. आणि तरीही दोन वाणांतील इन्व्हर्टेजमध्ये २० किंवा ३० टक्के फरक आढळला की आपण त्यावरून दाण्याच्या वजनाचे स्पष्टीकरण देऊ लागतो. मक्यातील पुरावा प्रमाण मानला तर इतका फरक विकराच्या बाबतीत निरर्थक असण्याचीच शक्यता अधिक. अर्थात हा उंबरठा त्या दाण्याचा, त्या अवस्थेचा व त्या परिस्थितीचा आहे. अन्यत्र तो ६ ऐवजी ४० टक्क्यांवरही असू शकेल. पण तो कोठे आहे हे शोधणे हेच तर संशोधन होय.

५

कारण आणि परिणाम यांची दिशा हा दुसरा प्रश्न. मक्याला परागसिंचनाच्या वेळी पाण्याचा ताण पडला तर कोवळे दाणे गळतात व त्यांच्यातील इन्व्हर्टेज घटलेले असते. येथेही विकर घटले म्हणून दाणे गळाले, असे लिहिणे सोपे आहे. परंतु १९९१ मध्ये बॉइल, बॉयर व मॉर्गन यांनी ताणग्रस्त रोपांच्या खोडात पोषकद्रव सोडून दाणे धरण्याची क्रिया वाचविली. पुढे केवळ सुक्रोज सोडूनही हा परिणाम अंशतः साधला, आणि त्याबरोबर इन्व्हर्टेजच्या जनुकांचे प्रकटनही काहीसे सावरले. ताणामुळे प्रकाशसंश्लेषण थांबते, शर्करेचा पुरवठा आटतो, आणि पुरवठा आटल्यामुळे विकर घटते, असा क्रम या प्रयोगातून सूचित होतो. विकराची घट ही साखळीतील एक मधली कडी ठरते, पहिली नव्हे.

याला बळकटी देणारा पुरावा १९९६ मध्येच शू, अव्हीन, मॅककार्टी व कॉख यांनी दिला होता. मक्यातील रिक्तिकेच्या इन्व्हर्टेजच्या दोन जनुकांपैकी एक शर्करेच्या टंचाईत अधिक प्रकट होते, तर दुसरे शर्करेच्या सुबत्तेत. म्हणजे ज्या शर्करेवर विकर नियंत्रण ठेवते असे आपण म्हणतो, तीच शर्करा विकराच्या जनुकावर नियंत्रण ठेवीत असते. अशा वर्तुळात सहसंबंध जुळला नाही तरच आश्चर्य. आणि जुळलेल्या सहसंबंधावरून बाण कोणत्या दिशेचा हे ओळखता येत नाही. हे वर्तुळ ठाऊक असूनही आपल्या चर्चाविभागांत बाण नेहमी एकाच दिशेने काढलेला असतो, ही खेदाची गोष्ट आहे.

६

तिसरा प्रश्न मोजमापाचाच आहे, आणि तो प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. बटाट्याचे कंद थंडीत ठेवले की गोड होतात. असे कंद तळले तर ग्लुकोज व फ्रुक्टोज अमिनो आम्लांशी संयोग पावून चकत्या काळपटतात. १९६१ मध्ये श्विमर, माकोअर व रोरेम यांनी बटाट्यात इन्व्हर्टेजबरोबरच त्याचे निरोधक प्रथिनही असल्याचे वर्णिले. १९६६ मध्ये प्रेसी व शॉ यांनी तापमानाप्रमाणे या दोहोंचा तोल कसा बदलतो ते दाखविले. उबदार साठवणीत निरोधक वरचढ असते; थंडीत इन्व्हर्टेज वाढते व निरोधक मागे पडते; कंद पुन्हा उबेत आणले की तोल पूर्ववत होऊ लागतो.

या शोधाचा एक अप्रिय अर्थ आहे. ऊतक खलात घोटले की पेशीभित्ती, रिक्तिका व पेशीद्रव्य यांच्या सीमा नाहीशा होतात. जिवंत पेशीत जे विकर व जे निरोधक कधी समोरासमोर आले नसते, ते पात्रात एकत्र येतात. त्यामुळे अर्कात मोजलेली क्रियाशीलता कमी भरली, तर विकर मुळात कमी होते, की घोटताना निरोधकाने त्याला जखडले, हे सांगता येत नाही. प्रेसी यांनी अर्क फेसाळून निरोधक निष्प्रभ करण्याची व मग उरलेली एकूण क्रियाशीलता मोजण्याची पद्धत वापरली. ही दक्षता साधी आहे, स्वस्त आहे, आणि तरीही ती किती प्रबंधांत घेतलेली आढळते? २०१० मध्ये होथॉर्न व सहकाऱ्यांनी विकर व निरोधक यांच्या संयुक्ताची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा निरोधक थेट क्रियास्थानातच बसते आणि ही जोडी माध्यमाच्या आम्लतेवर अवलंबून असते, हे स्पष्ट झाले. म्हणजे अर्क कोणत्या आम्लतेच्या द्रावणात काढला, यावरही हाती येणारा आकडा अवलंबून असू शकतो.

बटाट्याच्या बाबतीत पुढे नियंत्रणाचा दावा योग्य मार्गाने सिद्ध झाला, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. १९९९ मध्ये ग्राइनर व सहकाऱ्यांनी तंबाखूचे निरोधक बटाट्यात प्रकट करून थंडीतील गोडी रोखली. २०१० मध्ये भास्कर व सहकाऱ्यांनी रिक्तिकेच्या इन्व्हर्टेजचे जनुक दडपून, आणि २०१६ मध्ये क्लासेन व सहकाऱ्यांनी त्याच्या सर्व प्रती निकामी करून, तोच निष्कर्ष पक्का केला. २००२ मध्ये तळलेल्या पिष्टमय पदार्थांत ॲक्रिलामाइड आढळल्यानंतर या कामास आरोग्याचेही महत्त्व आले होते. हे द्रव्यही अशा बटाट्यांच्या चकत्यांत घटले.

परंतु येथेही नियंत्रण कशावर, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९९६ मध्ये त्सरेनर, श्यूलर व सोनेवाल्ड यांनी रिक्तिकेचे इन्व्हर्टेज घटविले तेव्हा ग्लुकोज व फ्रुक्टोज घटले आणि सुक्रोज वाढले. एकूण विद्राव्य शर्करेत मात्र मोठा फरक पडला नाही. आपल्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी हे विकर सुक्रोजशी असलेले हेक्सोजचे गुणोत्तर ठरविते असे म्हटले आहे. शर्करेचे प्रमाण ठरविते असे म्हटलेले नाही. शास्त्रीय लेखनात शब्द किती मोजून वापरावेत याचा हा वस्तुपाठ आहे. चकत्यांचा रंग गुणोत्तरावर अवलंबून असल्याने उद्योगाला तेवढे पुरेसे होते. साखर कारखान्याची गरज वेगळी आहे, आणि बटाट्यातील यशाचा दाखला उसासाठी देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

७

विकराच्या मात्रेखेरीज इतर गोष्टीही निर्णायक असतात, हे दोन उदाहरणांवरून दिसेल. १९९७ मध्ये सोनेवाल्ड व सहकाऱ्यांनी यीस्टचे एकच इन्व्हर्टेज बटाट्याच्या कंदात दोन निरनिराळ्या ठिकाणी पाठविले. पेशीबाहेर पाठविले तेव्हा कंद मोठे व संख्येने कमी झाले. पेशीद्रव्यात पाठविले तेव्हा लहान व अधिक झाले. विकर तेच, क्रिया तीच, जागा बदलताच परिणाम उलट. जे प्रबंध आम्लधर्मी इन्व्हर्टेज या एकाच स्तंभाखाली भित्तीचे व रिक्तिकेचे विकर एकत्र मांडतात, त्यांनी या दोन कंदांकडे पाहावे.

दुसरे उदाहरण टोमॅटोचे. झामिर यांच्या गटाने एका रानटी जातीतील गुणसूत्राचे लहान लहान तुकडे लागवडीच्या टोमॅटोत संकराने आणले, आणि फळातील विद्राव्य घनद्रव्य वाढविणारा एक तुकडा शोधून काढला. २००४ मधील त्यांच्या लेखानुसार त्या वाढीचे मूळ पेशीभित्तीच्या एका इन्व्हर्टेजमध्ये, क्रियास्थानाजवळील एका अमिनो आम्लाच्या बदलात होते. विकराचे गतिशास्त्र बदलले होते. येथे जनुकाचे प्रकटन कितीही काळजीपूर्वक मोजले असते तरी हा फरक निसटला असता. शिवाय हे काम वर्षानुवर्षे शेतातील वाफ्यांत तपासले गेले, आणि त्यामुळे त्यातील नियंत्रण या शब्दाला वजन आहे.

८

आता पुन्हा उसाकडे वळू. १९९७ मध्ये झू, कोमोर व मूर यांनी एका संकरकुळातील संततीत शर्करा व विकरे मोजली. आम्लधर्मी विद्राव्य इन्व्हर्टेजचा एक उंबरठा त्यांना आढळला. त्यावर विकर असेल तर साखर फारशी साठत नाही. मात्र विकर उंबरठ्याखाली असणे हे साखर साठण्यास पुरेसेही नव्हते. उंबरठ्याखालील कांड्यांत खरा फरक पडत होता तो सुक्रोज घडविणारे विकर आणि फोडणारे विकर यांच्या क्रियाशीलतेतील वजाबाकीने. हे निष्कर्ष सहसंबंधाचेच आहेत, पण प्रामाणिक सहसंबंधाचे आहेत. उंबरठ्याची व वजाबाकीची ही भाषा उद्धृत करताना मात्र आपण बहुधा पहिले अर्धे वाक्य घेतो व दुसरे सोडून देतो.

विकर प्रत्यक्ष घटविण्याच्या प्रयोगांचा इतिहास संमिश्र आहे. २००० मध्ये मा व सहकाऱ्यांनी द्रवात वाढविलेल्या उसाच्या पेशींत आम्लधर्मी इन्व्हर्टेज दडपले, तेव्हा सुक्रोज वाढले. २००१ मध्ये बोथा, सॉयर व बर्च यांनी हेच अख्ख्या उसात केले, तेव्हा कांड्यातील सुक्रोजमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. यावरून काहींनी इन्व्हर्टेजला महत्त्व नाही असा उलट टोकाचा निष्कर्ष काढला. तोही तितकाच घाईचा आहे. मक्यात ९० टक्के विकर जादा असेल, तर उसातील अर्धवट घटीने काही न होणे अपेक्षितच म्हणावे लागेल. उसात प्रत्येक जनुकाच्या अनेक प्रती असतात. लागवडीच्या वाणांत गुणसूत्रांची संख्या शंभराच्या वर जाते. त्यामुळे पूर्ण अभावापर्यंत पोहोचणे कठीण. उंबरठा गाठलाच नसेल, तर नकारात्मक फलावरून होकार किंवा नकार काहीच निष्पन्न होत नाही.

याच वर्षी रोवर व बोथा यांनी निराळी वाट चोखाळली. कांड्यातील विकरांचे गतिशास्त्रीय अंक घेऊन त्यांनी गणिती प्रतिमान रचले आणि कॅक्सर व बर्न्स यांच्या रीतीने नियंत्रणाची वाटणी काढली. त्यानुसार हाती घेण्याजोगी स्थाने होती ती पेशीत व रिक्तिकेत शर्करा वाहून नेणारी प्रथिने, आणि पेशीद्रव्यातील उदासीन इन्व्हर्टेज. ज्या आम्लधर्मी विकरावर चाळीस वर्षे लक्ष केंद्रित झाले होते, त्याचे नाव या यादीत नव्हते. प्रतिमान हे प्रतिमान असते, आणि त्यात घातलेले अंकही परीक्षानळीतलेच होते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु या प्रतिमानाने तपासता येईल असे भाकीत केले, आणि ते तपासलेही गेले. २०१० मध्ये रॉसाव्ह व सहकाऱ्यांनी उसात उदासीन इन्व्हर्टेज घटविले असता श्वसन व सुक्रोजची निष्फळ घडमोड कमी झाली आणि हेक्सोजच्या तुलनेत सुक्रोजचे प्रमाण वाढले. गुणोत्तर वाढले, उतारा वाढला असे म्हणता येणार नाही. पण अनुमानाची ही पद्धत योग्य आहे.

९

या टीकेवर एक आक्षेप संभवतो व तो गंभीर आहे. वाण निवडणाऱ्याला कार्यकारणभावाशी काय कर्तव्य? इन्व्हर्टेज कमी असलेली रोपे साखरेत सरस निघत असतील, तर तेवढा सहसंबंध त्याला पुरेसा आहे. हे मान्य करावयास हवे. खूण म्हणून वापरावयाच्या गोष्टीने कारण असण्याची गरज नाही. परंतु मग तसे स्पष्ट लिहावे, आणि ती खूण निरनिराळ्या हंगामांत, आडसाली व सुरू अशा दोन्ही लागणींत व खोडव्यात टिकते काय हे तपासावे. खूण म्हणून सिद्ध केलेली गोष्ट विकर घटविण्याच्या शिफारशीत कारण म्हणून वापरणे, ही मात्र फसगत होय.

तोडलेल्या उसाचा प्रश्नही येथेच वेगळा केला पाहिजे. उभ्या उसात सुक्रोजची भर सतत पडत असते व विच्छेदन हा त्या हिशेबातील एक खर्च असतो. ऊस तोडला की जमेची बाजू बंद होते. तेव्हा इन्व्हर्टेजच्या वाट्याला येणारे नियंत्रण उभ्या पिकापेक्षा पुष्कळ अधिक असण्याचा संभव आहे. शिवाय तोडलेल्या टोकांतून ल्यूकोनॉस्टॉकसारखे जीवाणू शिरून सुक्रोजपासून डेक्स्ट्रान बनवितात. फडात किंवा गाडीत खोळंबलेल्या उसाच्या रसात जी तूट मोजली जाते, ती वनस्पतीचे विकर व जीवाणू या दोहोंची मिळून असते. उभ्या उसावरील निष्कर्ष तोडलेल्या उसास व तोडलेल्या उसावरील निष्कर्ष उभ्या उसास लावणे, ही चूक वारंवार होते. या दुसऱ्या प्रश्नात विकराची मात्रा व तूट यांचा थेट संबंध तुलनेने कमी खर्चात तपासता येईल, आणि आपल्या प्रदेशाला त्याचे उत्तर हवेच आहे.

१०

केवळ दोष दाखवून थांबणे बरे नव्हे. या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने किमान काही पथ्ये पाळावीत असे सुचवावेसे वाटते. भित्तीचे, रिक्तिकेचे व पेशीद्रव्याचे विकर स्वतंत्रपणे मोजावे. भित्तीला बांधलेला अंश गाळाबरोबर फेकून देऊ नये. निरोधकासह व निरोधक निष्प्रभ करून असे दोन्ही आकडे द्यावेत. विकराचे मापन सुक्रोजच्या भरपूर मात्रेत केले असेल, तर मिळालेला आकडा ही विकराची कमाल क्षमता आहे, पेशीत चालू असलेली क्रिया नव्हे, हे नमूद करावे. शक्य असेल तेथे चिन्हित कार्बन वापरून सुक्रोजच्या घडण्या-फुटण्याचा प्रत्यक्ष वेग काढावा. जेथे यांतील काहीच शक्य नसेल, तेथेही एक गोष्ट नक्कीच शक्य आहे : निष्कर्ष तेवढाच लिहावा जेवढा मोजमापाने दिला.

हे शेवटचे पथ्य पाळले तर आपले अनेक उपसंहार आखूड होतील. अमुक वाणाच्या पक्व कांड्यात, अमुक महिन्यात, अर्कातील आम्लधर्मी इन्व्हर्टेज कमी आढळले व सुक्रोज अधिक आढळले, एवढेच उरेल. ते लहान विधान आहे, पण खरे आहे. त्यापुढे उंबरठा कोठे आहे, बाण कोणत्या दिशेचा आहे आणि नियंत्रण नेमके कशावर आहे, हे तीन प्रश्न लिहून ठेवले, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला काम कोठून सुरू करावे ते कळेल.